दोन रुपयांची शिष्यवृत्ती आणि सूर्याची ऊर्जा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कोणता, असे मंडळाच्या चिटणिसांनी मला विचारले, तेव्हा मी 'सूर्य' असे उत्तर दिले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, सोलापूरकरांना सूर्यावर व्याख्यान कशाला? चैत्र लागला की तो आपण होऊन घरोघर व्याख्यान देतो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु जो रोज डोक्यावर तापतो तो कशाने तापतो, हे मात्र आपण फारसे विचारीत नाही. तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची, आणि तो अग्नी पृथ्वीवर पेटविण्यासाठी विद्यापीठांतून जे प्रयत्न चालले आहेत त्यांची हकीकत आज सांगावी, असा माझा मानस आहे. या हकीकतीच्या शेवटी मंडळापुढे एक मागणेही ठेवणार आहे.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला मनुष्य. सारी हयात प्राथमिक शाळेत गेली. यास्तव आरंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक कबूल करतो. 'सूर्यावरील हेलियम वायूचा शोध लॉकियर साहेबाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला,' असे मी कित्येक वर्षे मोठ्या अभिमानाने वर्गात सांगत आलो. तेथील 'साहेबाचे ओटे' याची साक्ष म्हणून दाखवितात, असेही वर सांगे. पुढे माझ्याच एका विद्यार्थ्याच्या मुलीने नम्रपणे माझी चूक दाखवून दिली. दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टा कोकणपट्टीवरून जमखंडी, विजापूर असा पूर्वेकडे गेला, हे खरे. परंतु लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हते. जान्सेन या फ्रेंच पंडिताने आंध्रातील गुंटूर येथून ग्रहण पाहिले. लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणावाचूनच, इंग्लंडातून सूर्याच्या ज्वालांचे निरीक्षण केले. त्यांतील पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून त्या अज्ञात द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' म्हणू लागले.

ती मुलगी एवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, "आजोबा, अभिमानच बाळगायचा तर जवळचा बाळगा. आपल्यापासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरास त्या दिवशी कॅप्टन हेग दुर्बीण लावून बसले होते, आणि जमखंडीस युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शल होते." श्रावणातले ढग मध्ये येत होते, तरी त्या ढगांच्या फटीतून हर्शल यांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांत सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यावरून त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे कळले. पुढे २७ वर्षांनी, १८९५ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॅम्से यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली. आधी सूर्यावर दिसला आणि मग पृथ्वीवर मिळाला, असा हा वायू आहे.

हेलियमविषयी एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, सूर्याच्या चुलीतील राख म्हणजेच हेलियम होय. हे कसे उमगले त्यासाठी १९२० हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठात अ‍ॅस्टन यांनी अणूंची अतिसूक्ष्म वजने केली. हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे वजन भरते त्याहून हेलियमच्या एका अणूचे वजन किंचित कमी, असे त्यांना आढळले. घरगुती हिशेबाने सांगावयाचे तर, १,००० ग्रॅम हायड्रोजनचे हेलियम केले तर हाती ९९३ ग्रॅमच लागते. मग उरलेले ७ ग्रॅम गेले कोठे? त्याच वर्षीच्या ऑगस्टात एडिंग्टन यांनी कार्डिफ येथील सभेत सांगितले की, ही तूटच ऊर्जा होऊन बाहेर पडत असली पाहिजे आणि सूर्य तिच्यावरच जगत असला पाहिजे. हलक्या अणूंची केंद्रके एकमेकांत मिसळून जड केंद्रक होणे, यास आपल्या शालेय पुस्तकांत 'केंद्रकीय संमीलन' म्हटले आहे. आपल्याकडील अणुवीज केंद्रांत युरेनियमसारखे जड केंद्रक फोडतात. तो याच्या उलटा मार्ग होय.

त्याच १९२० साली तिसरी गोष्ट घडली ती आपल्या देशात. कलकत्ता विद्यापीठातील एका तरुण अध्यापकाचा निबंध इंग्लंडातील शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध झाला. किती तापमानास आणि किती दाबास अणूचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, याचे गणित त्याने मांडले होते. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान सांगण्याची किल्ली त्यामुळे जगाच्या हाती आली. त्या अध्यापकाचे नाव मेघनाद साहा. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बर्फ तापविला की पाणी, पाणी तापविले की वाफ, हे आपण लहान मुलांस शिकवितो. वायू त्याहीपेक्षा फार तापविला म्हणजे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युद्भारित कणांचा एक लोट तयार होतो. यास प्लाझ्मा म्हणतात. मराठी विश्वकोशात त्यास 'आयनद्रायु' असे नाव योजिले आहे. आकाशातील वीज प्लाझ्माच आहे, पेटलेल्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो आणि सूर्य तर नखशिखांत प्लाझ्मा आहे.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे, आणि त्याच्या स्वतःच्या प्रचंड भाराने तेथील द्रव्य दाबून धरले आहे. आपल्याजवळ तो भार नाही. म्हणून पृथ्वीवर संमीलन घडवून आणण्यास त्याच्या दसपट, म्हणजे सुमारे १५ कोटी अंश तापमान लागते. इंधन म्हणून ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड भावंडे घेतात. ड्यूटेरियम समुद्राच्या प्रत्येक घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम आहे. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही; तो लिथियम धातूपासून तयार करावा लागतो. अशा एक ग्रॅम इंधनातून सुमारे अकरा टन उत्तम दगडी कोळशाइतकी उष्णता निघते. आपल्या फताटेवाडीस १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तेथे कोळशाच्या गाड्या येतात आणि उजनीचे पाणी नळातून येते, हे आपण पाहतोच. विजेचे बिल हातात घेऊन ज्याने यंत्रमाग बंद ठेवावा की चालू, असा विचार केला आहे, त्याला या एक ग्रॅमचे मोल मी सांगावयास नको.

आता प्रश्न असा की, १५ कोटी अंशांची ही वस्तू ठेवावयाची कशात? कोणतेही भांडे तिच्यापुढे टिकणार नाही, आणि भांड्यास स्पर्श होताच प्लाझ्माही निवून जाईल. यावर तोड निघाली ती चुंबकाची. विद्युद्भारित कण चुंबकीय रेषेभोवती घिरट्या घालीत तिच्याच अनुरोधाने जातो. म्हणून सायकलच्या ट्यूबसारखी वाटोळी पोकळी करावी, तीभोवती तारांची वेटोळी बसवावीत, आणि आतल्या आत चुंबकीय रेषा गोल फिरत ठेवाव्यात, म्हणजे कण कडेला लागणार नाहीत, अशी कल्पना होती. परंतु ती फसली. अशा कड्याच्या आतल्या अंगास चुंबकीय बळ अधिक आणि बाहेरच्या अंगास कमी असते. त्यामुळे धनभारित कण एका बाजूस, म्हणजे वर, आणि ऋणभारित कण खाली सरकू लागतात. दोहोंची फारकत झाली की विद्युत्‌क्षेत्र निर्माण होते आणि सगळा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतो.

यावरचा उपाय मला त्या मुलीने समजावून सांगितला तेव्हा मी थक्क झालो. कारण तो आपल्या घरातलाच आहे. कापसाचे तंतू नुसते शेजारी शेजारी ठेवले तर हाताने ओढताच सुटतात. त्यांस पीळ दिला की त्यांचेच सूत होते आणि ते मागावर ताण सोसते. तद्वत चुंबकीय रेषांनाही पीळ द्यावा लागतो. पीळ दिलेल्या रेषेवरून जाणारा कण काही वेळ कड्याच्या वरच्या अंगास असतो, काही वेळ खालच्या. त्यामुळे त्याचे मध्यापासून दूर सरकणे व मध्याकडे सरकणे एकमेकांस छेदून जाते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात लायमन स्पिट्झर यांनी १९५१ साली नळीलाच आठाच्या आकड्यासारखा पीळ घातला. त्याच सुमारास रशियात टॅम आणि साखारोव्ह यांनी प्लाझ्मातूनच विद्युत्प्रवाह सोडून तोच पीळ साधण्याची कल्पना मांडली. या रशियन यंत्रास 'टोकामाक' म्हणतात. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी चरख्यावर जे केले, तेच जगातील मोठमोठ्या विद्यापीठांना सूर्य बांधून ठेवण्यासाठी करावे लागले.

ही हकीकत विजयाचीच आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५५ च्या ऑगस्टात जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळविण्याची युक्ती सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या व्यासपीठावरून केले. भाभांसारख्या द्रष्ट्याचे ते भाकीत खरे ठरले नाही. दोन दशके गेली, सात गेली. अद्याप संमीलनाच्या विजेवर एकही दिवा लागलेला नाही. 'संमीलनाची वीज नेहमीच तीस वर्षे दूर असते,' अशी या शास्त्रज्ञांतच एक थट्टा आहे.

तथापि पाऊल पुढे पडले आहे. १९६८ साली रशियनांनी आपल्या टोकामाकात सुमारे एक कोटी अंश तापमान साधल्याचे सांगितले, तेव्हा पश्चिमेकडील पंडितांचा विश्वास बसेना. शीतयुद्धाचे दिवस होते. तरीही पुढच्याच वर्षी इंग्लंडातील तज्ज्ञांना मॉस्कोस बोलावण्यात आले. त्यांनी आपले लेसर तेथे नेले, तापमान मोजले, आणि रशियनांचे म्हणणे खरे आहे असे जाहीर केले. राजकारणात वैरी असलेली दोन राष्ट्रे एका मापावर एकमत झाली, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

अलीकडील दोन गोष्टी हिशेबासह सांगतो. ऑक्सफर्डजवळील 'जेट' या यंत्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा निघाली. आपल्या मीटरच्या भाषेत ती सुमारे १९ युनिट होते. त्याच वर्षाअखेर ते यंत्र चाळीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. अमेरिकेत ५ डिसेंबर २०२२ रोजी निराळ्या मार्गाने, म्हणजे लेसरच्या माऱ्याने, इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पाडली असता ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. घातले त्याहून अधिक निघाले, असे तेव्हा प्रथमच घडले. परंतु हिशेब पुरा सांगितला पाहिजे. ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली, म्हणजे ८३ युनिट घालून एक युनिटही पदरी आले नाही. शिवाय या क्रियेतून निघणारे न्यूट्रॉन यंत्राच्या भिंतींना झिजवितात व किरणोत्सारी करतात, हेही लपविण्याचे कारण नाही. वृत्तपत्रात 'अमर्याद वीज हाती आली' असा मथळा दिसला तर आपण तो सबुरीने वाचावा.

या कार्यात आपला देशही मागे नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून पुढे गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. प्रेधिमान कृष्ण काव हे तिचे प्रवर्तक. 'आदित्य' नावाचा टोकामाक तेथे १९८९ साली सुरू झाला. फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथे सात भागीदार मिळून 'ईटर' नावाचे महायंत्र उभारीत आहेत. त्यांत आपण २००५ अखेर सामील झालो. त्या यंत्रास बाहेरून कवटाळणारे सुमारे ३० मीटर उंचीचे व ३,८५० टनांचे पोलादी पात्र गुजरातेत हजिरा येथे भागाभागांनी तयार होऊन जहाजाने गेले. २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तेथील खरे प्रयोग २०३४ च्या सुमारास सुरू व्हावयाचे असून, ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत. त्याच कादाराशला एका फ्रेंच टोकामाकात फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा सलग २२ मिनिटे टिकविला गेला. एके काळी तो क्षणाच्या हजाराव्या भागापुरता टिकत असे.

महाराष्ट्रात मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जी आज अभिमत विद्यापीठही आहे, प्रखर लेसरच्या स्पंदांनी घन पदार्थाचा प्लाझ्मा करून त्यातील चुंबकीय खळबळीचा अभ्यास चालतो. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सुधा भोरस्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्लाझ्माच्या साहाय्याने पदार्थांचे पृष्ठभाग बदलण्याचे व सूक्ष्म कण घडविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. हे काम संमीलनाचे नव्हे. पण प्लाझ्माची विद्या एकच आहे, तिच्या शाखा अनेक आहेत. याचा एक दाखला विणकरांनी अवश्य ऐकावा. अंगोरा सशाची लोकर इतकी निसरडी असते की तिचे सूत नीट धरत नाही. गांधीनगरच्या संस्थेने ती प्लाझ्मातून नेण्याची रीत बसविली. त्यामुळे तंतूचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रसायनांवाचून सूतकताई होऊ शकते. सूर्य बांधावयास निघालेल्या लोकांनी वाटेत सशाच्या लोकरीस पीळ धरावयास लावले!

आता मेघनाद साहांकडे वळतो. त्यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळील शेवडातली या खेड्यात एका लहानशा दुकानदाराच्या घरी झाला. मुलाने दुकानात बसावे, शिकून काय करावयाचे, असे वडिलांचे मत. पुढील शाळा गावापासून दूर होती. तेव्हा तेथील अनंतकुमार दास नावाच्या वैद्यांनी त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नराच्या भेटीचा निषेध केला म्हणून त्यांची शाळा सुटली आणि शिष्यवृत्तीही गेली. त्यांचे थोरले बंधू ताग गिरणीत अल्प पगारावर होते. ते दरमहा पाच रुपये धाडीत. आणि दरमहा दोन रुपये दिले ते पूर्व बंगालच्या वैश्य समितीने. ही समिती म्हणजे तुमच्या-आमच्या मंडळासारखीच एक ज्ञातिसंस्था होती. त्या दोन रुपयांच्या मोबदल्यात मुलगा कोणती नोकरी करील, हे त्या लोकांनी विचारले असेल असे मला वाटत नाही. त्या रुपयांतून ताऱ्यांची किल्ली घडली.

बंधुभगिनींनो, आता माझी दुसरी चूक सांगतो. ती पहिल्यापेक्षा जड आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या हाताखालून गेलेला आपल्या ज्ञातीतील एक मुलगा बी.एस्सी.ला भौतिकशास्त्रात प्रथम वर्गात आला. पुढे पुण्यास जाऊन एम.एस्सी. करावे, अशी त्याची फार इच्छा. त्याचे वडील मागावर, आई विड्या वळीत असे, मागे दोन बहिणी. वडील मला विचारावयास आले. मी म्हटले, "भौतिकशास्त्र शिकून चूल पेटत नाही. मिळते ती नोकरी धरू द्या." गुरुजींचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. मुलगा कारकून झाला, बहिणींची लग्ने झाली, घर उभे राहिले. माझा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा होता असे मी आजही म्हणत नाही. परंतु मंडळाकडे जाऊन या मुलासाठी चार रुपये मागावेत, हा विचार त्या वेळी माझ्या मनास शिवलाही नाही. तो खरा माझा दोष. त्या मुलाने मला कधी बोल लावला नाही, आणि म्हणूनच तो सल अधिक राहिला.

विजयदुर्गाबद्दल माझे कान धरणारी ती मुलगी त्याचीच कन्या. यंदा तिने बी.एस्सी. पुरी केली असून प्लाझ्मा भौतिकीत संशोधन करण्याचा तिचा निश्चय आहे. तिने मंडळाकडे अर्ज केला. आपल्या नियमांप्रमाणे शिष्यवृत्ती केवळ अभियांत्रिकी, वैद्यकी व तत्सम अर्थकरी शिक्षणास मिळते. सबब अर्ज परत आला. नियम करणारांचा यात दोष नाही. गरीब समाजाने प्रथम भाकरीचा विचार करावा, हे रास्तच आहे. तो नियम झाला त्या सभेत मीही हात वर केला होता.

कोणी विचारील, सत्तर वर्षांत जे साधले नाही त्याच्यामागे आपल्या मुलीने आयुष्य का घालवावे? याचे उत्तर मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "आजोबा, माझ्या हयातीत होईल की नाही ते मला ठाऊक नाही. पण प्लाझ्मा किती वेळ टिकला, याचा प्रत्येक आकडा कोणीतरी आयुष्य घालूनच वाढविलेला आहे." यावर मला बोलावयास काही उरले नाही. आपण चिंच लावतो तेव्हा तिच्या सावलीत कोण बसेल याची यादी करीत नाही.

म्हणून माझे मागणे असे. मंडळाने मूलभूत विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती निर्माण करावी. दरमहा तीन हजार रुपये, पाच वर्षे; परतफेडीची अट नाही, नोकरीचा प्रश्न नाही; दरवर्षी अभ्यासाचा अहवाल तेवढा मंडळापुढे वाचावा. पाच वर्षांचा एकूण खर्च १ लक्ष ८० हजार होतो. पैकी पहिल्या वर्षाचे ३६ हजार रुपये मी माझ्या निवृत्तिवेतनातून आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. हे दान नव्हे. तीस वर्षांपूर्वी द्यावयाचे राहून गेलेले देणे आहे. त्या मुलीची निवड व्हावी असाही माझा आग्रह नाही. गुणानुक्रमे जो पुढे येईल त्यास ती मिळावी. नियम बदलला म्हणजे मला पावले.

त्या कन्येचे वडील या सभागृहात मागील रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव घेऊन त्यांस संकोचात टाकीत नाही. एवढेच म्हणतो की, आज हा प्रस्ताव मतास टाकला जाईल तेव्हा माझा हात पुन्हा वर असेल, आणि या खेपेस तो त्यांच्यासाठी असेल.